सहपत्र क्रमांक अकरा

कॅनडाचा नकार आला तेव्हा मी जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि माझ्या दोन्ही हातांना डिंक लागलेला होता. कर्वेनगरातल्या एका बालवाडीत मी शिकवते. त्या दिवशी आम्ही मुलांकडून कागदाचे मासे करून घेत होतो आणि नेहमीप्रमाणे मुलं खवले माशांपेक्षा एकमेकांनाच जास्त चिकटवत होती. फोन थरथरला. मी करंगळीने स्क्रीन उघडली आणि तिथेच, माशांच्या ढिगात बसून वाचलं. आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे, कारण अर्जासोबत भाषा परीक्षेचा निकाल जोडलेला नाही.

मला आधी हसूच आलं. निकाल जोडलेला नाही म्हणजे काय? इंग्रजीची ती परीक्षा देऊन वर्षही झालं नव्हतं. तीन भागांत मला हवे त्याहून जास्त गुण होते. लेखनात काठावर होते, पण काठाच्या आत. निकालाचा कागद कुरिअरने घरी आला तेव्हा बाबांनी तो दोनदा वाचून दाखवला होता, एकदा मला आणि एकदा शेजारच्या काकांना, ज्यांनी विचारलंही नव्हतं. आणि मुख्य म्हणजे माझ्या अर्जाची फाईल खुद्द बाबांनी लावली होती. बाबांनी लावलेल्या फाईलमध्ये कागद कमी असणं म्हणजे सूर्य सुट्टीवर असण्यासारखं होतं. चूक तिकडच्या माणसाची, हे मी डिंक धुवायच्या आत ठरवून टाकलं.

हा अर्ज माझ्यासाठी काय होता ते सांगायला हवं. माझं लग्न सात वर्षं टिकलं आणि मग टिकलं नाही. तेव्हापासून मी बाबांकडे राहते. आई त्याआधीच गेली होती. सोसायटीतल्या बायका मला अजूनही जिन्यात थांबवून "काय गं, इथेच का सध्या?" असं विचारतात, त्यांच्या सध्याला आता आठ वर्षं झाली. माझी कॉलेजातली मैत्रीण कॅनडात असते. तिच्या गावातल्या एका पाळणाघराला अनुभवी शिक्षिका हवी होती आणि त्यांनी मला नोकरीचं पत्र दिलं. बाहेरच्या माणसांना तिथे येऊन राहू द्यायची त्या प्रांताची योजनाही होती, पण तिच्यात वयाला गुण होते आणि चाळिशी ओलांडली की ते उतरत जात. मी एकोणचाळीस वर्षं आणि काही महिन्यांची होते. म्हणजे माझ्या हातात हा एकच अर्ज होता. पुढची खेप उघडेपर्यंत माझे गुण पुरले नसते.

मला तिकडे जाऊन फार काही मिळवायचं होतं असं नाही. बर्फ बघायची हौस नाही, मोठ्या घराचीही नाही. मला एकदा, आयुष्यात एकदाच, स्वतःच्या किल्लीने स्वतःचं दार उघडून आत जायचं होतं, आणि आत "आलीस का" असं कोणी विचारायला नको होतं. बस्स, एवढंच. हे मी बाबांना कधी बोलून दाखवलं नाही, कारण "आलीस का" विचारणारे तेच होते.

आता बाबांबद्दल. ते चौतीस वर्षं सरकारी कचेरीत होते आणि अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांची ख्याती अशी की अपुरी फाईल त्यांच्या टेबलावरून पुढे सरकत नसे. मंत्र्याचा माणूस येवो की गल्लीतला ओळखीचा, सोबतचे कागद पूर्ण नसतील तर बाबा वर न बघता म्हणत, "त्रुटी आहे. पूर्तता करून आणा." सोबत जोडायच्या कागदांना त्यांच्या भाषेत सहपत्रं म्हणायचं. निवृत्तीनंतर सोसायटीतल्या लोकांचे अर्ज ते हौसेने बघून देतात, आणि निवृत्त झालेत हे त्यांच्या आवाजाला अजून कोणी कळवलेलं नाही.

हे वेड सरकारने लावलेलं नाही. ते लागलं माझ्यापायी. आजोबा छप्पन साली बौद्ध झाले त्या पिढीतले. बारावीनंतर मला राखीव जागेवर प्रवेश मिळाला, पण जात पडताळणीसाठी आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला हवा होता आणि तो आमच्याकडे नव्हता. गावच्या शाळेतलं रजिस्टर अर्धं वाळवीने खाल्लेलं, उरलेलं अर्धं तालुक्याला कोणाच्या तरी कपाटात. बाबा सुट्ट्या टाकून टाकून एसटीने गावी जात राहिले. दाखला मिळाला, पण मुदत संपून दीड महिना झाल्यावर. माझी जागा गेली, वर्ष गेलं. बाबा रडले नाहीत. त्यांनी तो दाखला ताटलीत ठेवून आईला दाखवला आणि म्हणाले, या घरातून आता अपुरा कागद बाहेर जाणार नाही.

आणि गेला नाही. दादाचं घराचं कर्ज, आईची इस्पितळाची बिलं, माझा घटस्फोट, सगळ्याच्या फाईली बाबांनी लावल्या. कसबा पेठेत एक बाइंडर आहे, त्याच्याकडून ते अजूनही लेस बांधायच्या पुठ्ठ्याच्या फाईली आणतात. प्लॅस्टिकची फाईल त्यांना चपलेसारखी वाटते. प्रत्येक फाईलच्या वर स्वतःच्या अक्षरात सहपत्रांची यादी. यादीपुढे चौकोन. कागद डोळ्यांनी बघितला, हाताने चाचपला, की मगच त्या चौकोनात लाल पेनची खूण. मग प्रत्येक पानाच्या उजव्या कोपऱ्यात लाल पेनने पान क्रमांक, म्हणजे मधलं पान कोणी काढलं तर लगेच कळावं. शेवटी यादीखाली "तपासले" आणि आद्याक्षरं. बाहेर कागद दिला की पोच घ्यायचीच. दूधवाल्याकडूनसुद्धा त्यांनी एकदा पोच मागितली होती. फक्त घरच्यांकडून मागत नसत. घरच्या माणसाकडे पोच मागायची नसते, असं ते आम्हाला लहानपणापासून सांगत.

माझ्या कॅनडाच्या अर्जाला सोळा सहपत्रं होती. ती क्रमाने लावून, स्कॅन करून, एकच मोठी पीडीएफ चढवायची होती. बाबांनी ते काम असं अंगावर घेतलं की जणू तो प्रांत त्यांच्याच टेबलावर येऊन बसला होता. महिनाभर जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नव्हती. माझ्या अनुभवाच्या दाखल्यावर शाळेचा शिक्का पुसट आला म्हणून त्यांनी मला तो तीनदा आणायला लावला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, कॅनडाला हवाय की तुमच्या वडिलांना?"

निकालाचा कागद मी स्वतः त्यांच्या हातात दिला होता. मला नीट आठवतं, कारण त्यांनी तो घेताना हात पंच्याला पुसले होते.

अर्ज चढवला तो रविवार होता, सकाळची वेळ. बाबांनी पाकिटात घालून पेनड्राईव्ह जेवणाच्या टेबलावर माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "एकदा नजर घाल."

मी म्हटलं, "तुम्ही बघितलंय ना? मग झालं."

"तरी. तुझा अर्ज आहे."

"बाबा, तुम्ही तपासलेलं मी काय तपासणार?" असं म्हणून मी फाईल चढवून टाकली. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बघत होते. अर्ज मिळाल्याचा संदेश स्क्रीनवर आला तेव्हा मी त्यांच्याकडे वळून हसले. ते हसले नाहीत, चहा ठेवायला आत गेले. मला वाटलं, डोळे भरून आले असतील.

या गोष्टी आता मी हजारदा उलगडून बघितल्या आहेत. तेव्हा मात्र नकार वाचून मी घरी गेले ती तावातावाने. बाबा गॅलरीत पेपर वाचत होते. मी म्हटलं, "तुमची फाईल परत पाठवलीय त्यांनी. भाषेचा निकाल नाही म्हणतायत."

बाबांनी पेपर खाली घेतला नाही. "असं म्हणतात?" एवढंच म्हणाले.

"आंधळे आहेत का? मी लिहिते त्यांना."

"लिही," ते म्हणाले. पेपरामागूनच.

आणि मी लिहिलं. त्या पत्राची मला आज एवढी लाज वाटते की कधीकधी शाळेत एकटी असताना ते आठवून कान गरम होतात. मी लिहिलं की माझे वडील चौतीस वर्षं शासकीय सेवेत होते, सहपत्रं तपासणं हेच त्यांचं काम होतं आणि त्यांच्या हातून कागद राहणं शक्य नाही. तेव्हा आपण आपल्या बाजूने फाईल पुन्हा उघडून बघावी. लेखनात मला काठावर गुण का मिळाले ते त्या पत्रावरून कोणालाही कळलं असतं. कॅनडातल्या मैत्रिणीलाही मी फोनवर तेच सुनावलं. ती बिचारी म्हणाली, "तू तुझी कॉपी एकदा उघडून तरी बघ ना." मला तिचा रागच आला. बाबांच्या फाईलवर संशय घेणारी ही कोण, असं वाटलं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. दोन ओळी. आपल्या फाईलची सर्व पानं पाहिली, निकाल आढळला नाही, निर्णय कायम.

मग मी पीडीएफ उघडली. शाळा सुटली होती, खाली मैदानात शिपाई पाणी मारत होता. शिक्षकांच्या खोलीत मी एकटी होते. एकेक पान सरकवत गेले. पासपोर्ट, जन्मदाखला, पदविका, तीनदा आणलेला तो अनुभवाचा दाखला, शिक्का लख्ख. दहाव्या सहपत्राचं शेवटचं पान, उजव्या कोपऱ्यात लाल अडतीस. पुढचं पान बाराव्या सहपत्राचं. अकरावं नव्हतं.

मी लगेच बाबांची बाजू घेतली. मनातल्या मनातच, पण घेतली. स्कॅनरमध्ये दोन पानं एकदम गेली असतील, वय झालंय, डोळ्यांचं ऑपरेशन राहिलंय. मग मी बाराव्या सहपत्राचा कोपरा बघितला. लाल पेनने एकोणचाळीस. मी मागे गेले, अडतीस. पुढे आले, एकोणचाळीस. पान सरकलं असतं, चिकटलं असतं, उडून गेलं असतं, तरी एक आकडा गळला असता. एकही गळला नव्हता. आकडे टाकले तेव्हाच तो कागद तिथे नव्हता. माणसाने तो आधी बाजूला काढून ठेवला होता आणि मग शांतपणे, एका रेषेत, अडतीसनंतर एकोणचाळीस लिहिलं होतं.

मी पर्स उचलली आणि निघाले.

घरी आले तर बाबा फिरायला गेले होते. मी त्यांचं कपाट उघडलं. माझ्या अर्जाची मूळ फाईल वरच होती, लेस बांधलेली. यादी काढली. एक ते दहा, खुणा. बारा ते सोळा, खुणा. अकरा, भाषा परीक्षेचा निकाल, पुढे चौकोन रिकामा. खाली "तपासले" लिहिलेलं नव्हतं. आद्याक्षरं नव्हती. माझ्या आयुष्यात बाबांची सही नसलेली फाईल मी पहिल्यांदा बघत होते, आणि ती महिनोन्महिने माझ्याच घरात, माझ्या नाकासमोर पडून होती.

त्यांनी खोटी खूण केली नव्हती. ते त्यांना जमलं नसणार. कागद काढणं जमलं, गप्प बसणं जमलं, मला मूर्खासारखं पत्र लिहू देणंही जमलं, पण न जोडलेल्या कागदापुढे खूण करणं त्यांच्या हाताला जमलं नाही.

निकालाचा कागद कुठे असेल हे मला लगेच कळलं, कारण बाबा कागद फाडत नाहीत. खालच्या कप्प्यात माझ्या नावाची जाड फाईल असते. तिच्यात माझा जन्मदाखला आहे, शिशुवर्गाचं प्रगतिपुस्तक आहे, दहावीची गुणपत्रिका आहे, पडताळणीचं ते उशिरा आलेलं प्रमाणपत्र आहे, लग्नाची नोंद आहे आणि तिच्या मागे लगेच घटस्फोटाचा हुकूम. सगळ्यात शेवटी, पारदर्शक पिशवीत, इंग्रजीचा निकाल. त्यावरही लाल पेनने पान क्रमांक टाकलेला. त्यांनी तो लपवला नव्हता. त्यांच्या मते जिथे त्याची जागा होती तिथे लावून ठेवला होता.

मी तिथेच फरशीवर बसून रडले. मग उठून तोंड धुतलं, कारण बाबा यायची वेळ झाली होती.

ते आले तेव्हा टेबलावर यादी होती आणि यादीवर निकाल होता. त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली, चष्मा बदलला आणि खुर्चीत बसले.

"अकराला खूण नाही," मी म्हटलं.

"नाही."

"का?"

"कागद नव्हता, म्हणून खूण नाही."

"बाबा, मला कचेरीतली उत्तरं देऊ नका."

ते यादीकडे बघत म्हणाले, "मी तुला म्हटलं होतं, नजर घाल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "म्हणजे चूक माझी? तुमच्यावर विश्वास ठेवला ही?"

"तसं नाही म्हणालो."

"मग कसं म्हणालात?"

"तू बघितलं असतंस तर मी लावला असता. तेवढं मी ठरवलं होतं. बघितलंस तर लावायचा."

हे ऐकून मला काय वाटलं ते सांगते. मला वाटलं, याला केसाने गळा कापणं म्हणतात. मी शब्द शोधत होते आणि हाच सापडत होता. ज्या माणसाने एका कागदापायी गेलेलं माझं वर्ष बघितलं होतं, त्याच माणसाने एका कागदापायी माझं पुढचं सगळं घालवलं होतं. आणि कसं करायचं ते त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं. ज्या फाईलला त्रुटी निघते तिच्या बाबतीत कोणाला तोंडाने नाही म्हणावं लागत नाही. कोणाचं नाव येत नाही, कोणावर बोट दाखवता येत नाही. फाईल आपोआप परत येते.

"नको जाऊस, असं सांगायचं ना," मी म्हटलं. "तोंडाने. मी समोरच राहते तुमच्या."

"सांगितलं असतं तर थांबली असतीस."

"हो. कदाचित."

"मग जन्मभर म्हणाली असतीस, म्हाताऱ्यापायी थांबले. तिकडूनच नकार आला तर कोणाचाच दोष नव्हता." त्यांनी यादीची कड नखाने सरळ केली. "आणि मला कुठे विचारलंत? दादाकडे मांजरीला माझा पलंग कुठे टाकायचा ते टेप लावून मोजलंत दोघांनी. मी तिथेच बसलो होतो. एकाने तरी विचारलं, बाबा, येणार का?"

हे खरं होतं. दादा मांजरीला राहतो, उसाच्या शेतांना लागून उठलेल्या नव्या इमारतींपैकी एकीत. मी गेल्यावर बाबा त्याच्याकडे जातील हे आम्ही दोघांनी एका दुपारी ठरवलं होतं आणि वहिनीच्या शिलाई मशीनची जागा मोजली होती. बाबा सोफ्यावर बसून चहा पीत होते. त्यांना आम्ही विचारलं नाही. त्यांना विचारायचं असतं हे आम्ही लक्षातच येऊ दिलं नाही, कारण ते नाही म्हणतील हे दोघांनाही माहीत होतं.

पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही विचारायची वाट बघत बसलात आणि माझा गळा कापलात." आणि आत जाऊन दार लावून घेतलं. त्या घरात माझ्या खोलीच्या दाराला कडी आहे, कुलूप नाही.

दादाला फोन केला. तो म्हणाला, "अगं, विसरले असतील. बाहत्तर वर्षांचा माणूस." मी त्याला पान क्रमांकांचं सांगितलं. तो म्हणाला, "हे बघ, झालं ते झालं. आता इश्यू नको करूस. त्यांचं बीपी वाढेल." आवाजात त्याच्या काळजी होती, पण काळजीच्या खाली सुटल्यासारखंही काहीतरी होतं. शिलाई मशीन हलवावं लागणार नव्हतं. तो फोन मी ठेवला तेव्हा मला कळलं की मी जाऊ नये असं वाटणारा या घरात एकच माणूस होता आणि तोच मला बुडवून बसला होता. बाकीच्यांना काहीच वाटत नव्हतं.

त्या पाळणाघराने दोन महिने वाट बघून दुसरी बाई घेतली. मैत्रिणीने मला तिचा फोटो पाठवला नाही, यासाठी मी तिची आभारी आहे. माझा चाळिसावा वाढदिवस आला. बाबांनी सकाळी उठून खीर केली, कारण आई करायची. मी ती खाल्ली. राग आहे म्हणून खीर टाकून द्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

आम्ही एकमेकांशी बोलतो. दूध आलं का, गॅस लावला का, फोन वाजतोय. ते अजूनही "आलीस का" विचारतात आणि मी "हो" म्हणते. पण माझ्या नावाची फाईल मी त्यांच्या कपाटातून काढली. ती आता शाळेत माझ्या लॉकरमध्ये असते, रंगीत कागद आणि टिकल्यांच्या डब्याशेजारी. रिकामा झालेला तो कप्पा बाबांनी अजून भरलेला नाही. परवा मी बघितलं, तिथली धूळही त्यांनी पुसून ठेवली होती.

मग नोव्हेंबर आला. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत असा कागद बँकेत गेला नाही तर पुढच्या महिन्यापासून पैसे थांबतात. दरवर्षी बाबा पहिल्याच दिवशी, इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतः जातात. यंदा त्यांचा गुडघा सुजला होता आणि जिना उतरवत नव्हता. त्यांनी अर्ज भरला, सोसायटीतल्या एका अधिकाऱ्याची सही घेतली आणि कागद पाकिटात घालून माझ्यासमोर ठेवला. टेबल तेच होतं.

"जमेल तसा देऊन ये," म्हणाले.

मी तो पर्समध्ये टाकला. बँक शाळेच्या रस्त्यावरच आहे. पहिल्या दिवशी मी तिच्यासमोरून गेले आणि थांबले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मला कळलं की मी काय करतेय. मी काहीच करत नव्हते. कागद फाडायचा नव्हता, खोटं बोलायचं नव्हतं, फक्त शाळेत जायचं आणि घरी यायचं. महिना संपला असता आणि बाबा सरकारदरबारी जिवंत राहिले नसते. मी म्हटलं असतं, विसरले. माणूस विसरतो. सोपं होतं, आणि त्या सोपेपणाचं मला बरं वाटत होतं, हेही सांगून टाकते. चार दिवस मला फार बरं वाटत होतं.

पाचव्या दिवशी मी गेले. माझा राग शमला होता म्हणून नाही. रांगेत सगळे म्हातारे होते, हातात पाकिटं घेऊन, आणि प्रत्येक जण पुढच्याला विचारत होता की फोटो लागतो का. एका आजींचा कागद काउंटरवरच्या मुलीने परत केला, काहीतरी राहिलं होतं. आजी म्हणाल्या, "मी समोर उभी आहे ना गं?" मुलगी म्हणाली, हो आजी, पण कागद लागतो. मी बाबांचा कागद दिला, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला, सही घेतली, तारीख तपासली. हे सगळं मला बाबांनीच शिकवलंय.

घरी आले. बाबा टेबलापाशी होते, गुडघ्याला पट्टा बांधलेला. "आलीस का," म्हणाले.

"हो."

"दिलास?"

"दिला."

मी पाणी प्यायला आत वळले. दारातून मी मागे वळून बघितलं. त्यांनी हात पुढे केला होता. तळवा वर, टेबलावर टेकवलेला.

"पोच," ते म्हणाले.

चाळीस वर्षांत त्यांनी मला कधी पोच मागितली नव्हती. मी पर्समधून काढून दिली. त्यांनी चष्मा बदलला, शिक्का वाचला, तारीख वाचली, सहीवरून बोट फिरवलं, कागद उलटा करून मागची कोरी बाजू बघितली आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मग त्यांनी आपली फाईल ओढली, लेस सोडली, पोच शेवटी लावली आणि लाल पेन उघडून कोपऱ्यात आकडा टाकला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. कागद चार दिवस माझ्या पर्समध्ये होता हे मी सांगितलं नाही, आणि एवढे दिवस का लागले हे त्यांनी विचारलं नाही.